बाई टेकून बघतात

"सावंत! हात काढ! आधी हात काढ तिथून!"

खाली पार्किंगमधून उठलेली ही आरोळी चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत शिट्टी पोचली. ती शिट्टी ज्यांनी ऐकलेली नाही त्यांना मी काय सांगू? ती वाजली की गासच्या शेतातले बगळे उठून अर्नाळ्याला जाऊन बसायचे, आणि अर्नाळ्याचे कोळी वादळ आलं म्हणून होड्या वर ओढायचे.

"चहा प्यायचाय तर भिंतीला पाठ लावून पी! मेलाय तो कठडा! मेलेल्याच्या खांद्यावर कोपर टेकून उभा राहिलायस!"

वर गॅलरीत सावंत एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभे होते. फोनवर पुण्याहून त्यांची मुलगी शिल्पा होती आणि तिच्या मांडीवर नात ओवी. सावंत मोठ्या कौतुकानं सांगत होते की बघ गो, दिवाळीला आलीस की ओवी इथं उभी राहून गाड्या बघेल, मी तिला दूधभात भरवीन. तेवढ्यात खालून हे असं.

"बाबा, कोण ओरडतंय? काय मेलंय?" शिल्पानं विचारलं.

"काय नाय गो. आमची सेक्रेटरी."

"कठडा दाखवा बघू."

सावंत मालवणकडचे, साधा सरळ माणूस. मुलीनं सांगितलं म्हणून त्यांनी फोन वाकवला आणि कठड्याचे पाय तिला दाखवले. त्या पायांना पाय म्हणणं हाच मुळात धाडसाचा प्रकार होता. लोखंडाच्या जागी गंजाचे पापुद्रे उरले होते, आणि ते एकमेकांना धरून होते ते केवळ इतक्या वर्षांच्या ओळखीमुळे.

"बाबा," शिल्पा म्हणाली, "हे बदलल्याशिवाय मी ओवीला तिथं पाऊल ठेवू देणार नाही."

फोन बंद झाला. सावंतांनी खाली बघितलं आणि हात जोडून ओरडले, "बाई, माझी नात अडवलीत तुम्ही! एका शिट्टीत अडवलीत!"

"अडवली, पाडली नाही!" खालून उत्तर आलं. "जा, अर्ज लिही!"

या आमच्या मच्याडो बाई. नालासोपारा पश्चिमेला आमची सोसायटी, नाव सागरगंध. समुद्र कुठूनच दिसत नाही, गंध मात्र भरपूर. अर्नाळ्याकडून वारा फिरला की वाळत घातलेले बोंबील थेट आमच्या दिवाणखान्यात येऊन बसतात. त्याच वाऱ्यात मीठ असतं, आणि त्या मिठानं आमच्या इमारतीतलं लोखंड असं काही खाल्लं होतं की जणू त्याला दुसरं जेवणच मिळत नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावर, सावंतांच्या बरोबर खाली. सावंतांचा कठडा निघाला असता तर आधी माझ्या कुंड्यांवर आला असता, आणि मी त्या वेळी कुंड्यांना पाणी घालत असतो तर हे लिहायला दुसरा कुणीतरी शोधावा लागला असता.

बाई मूळच्या गासच्या. भावाची वाडी आहे तिथं, केळी आणि फुलं. आयुष्यभर मराठी शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्या आणि शाळेनं सुटकेचा नि:श्वास टाकला तो आमच्या सोसायटीच्या अंगावर आला. उंची बेताची, पण घेर असा की जिन्यात समोरून बाई आल्या तर माणूस आपोआप एक मजला मागे जायचा. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोन वस्तू: क्रूस आणि शिट्टी. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की देवळातून थेट इमारतीच्या फेरीला. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत.

त्यांच्या बोलण्याची एक रीत होती. शिट्टी वाजली की समोरचा माणूस 'तू' व्हायचा, मग तो निवृत्त मामलेदार का असेना. शिट्टी गळ्यात शांत लोंबत असली की तोच माणूस 'अहो' व्हायचा. राग अगदीच अनावर झाला तर बाई घरच्या बोलीत शिरायच्या. ती आम्हाला कुणालाच कळायची नाही, पण आमच्यावर काहीतरी उतरतंय एवढं कळायचं आणि आम्ही माना खाली घालायचो. सर्वसाधारण सभेला त्या हजेरी घ्यायच्या. पांढऱ्या केसांची माणसं उभी राहून "हजर, बाई" म्हणायची. एकदा कुणीतरी दुसऱ्याची हजेरी लावली तर बाईंनी दोघांनाही गच्चीला फेऱ्या मारायला पाठवलं. आणि गंमत म्हणजे, दोघं गेले.

पण बाईंची खरी ख्याती होती ती टेकण्याबद्दल.

बाईंना कुठल्याही वस्तूबद्दल शंका आली की त्या तिच्याशी वाद घालत नसत. कंत्राटदाराचं ऐकत नसत, हमीपत्र वाचत नसत. शांतपणे जवळ जायच्या, पाठ फिरवायच्या आणि टेकायच्या. सगळ्या वजनानिशी. "वस्तू टेकल्यावर कळते," म्हणायच्या. "शाळेतल्या झोपाळ्यावर मुलं चढायच्या आधी मी बसायचे. मला पेललं तर वर्गाला पेलेल."

आमच्या कुंपणाची भिंत नवी बांधली तेव्हा कंत्राटदार छातीवर हात ठेवून म्हणाला, बाई, हिला भूकंपसुद्धा हलवणार नाही. बाई टेकल्या. भिंत हळूच शेजारच्या सोसायटीच्या बागेत जाऊन बसली. कंत्राटदार तिथून निघाला तो, म्हणतात, डहाणूला पोचेपर्यंत मागे वळला नाही. भावाच्या मुलाच्या लग्नात बाई मांडवाच्या खांबाला टेकल्या तर सगळा मांडव बँडवाल्यांवर बसला. बँडवाले इमानी, ते आतून वाजवत राहिले, आणि वरचं कापड ठेक्यावर वरखाली होतंय हे बघून पाहुणेही नाचायला लागले. बाई फक्त म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच पडला. जेवणं व्हायची होती."

हळूहळू आमच्या इमारतीला ती सवयच लागली. कुणी नवं कपाट आणलं की शेजारी येऊन टेकायचे. कुणाचा नवा फ्रिज आला, टेकायचे. मुलगी बघायला आलेल्या एका मुलाला आमच्या दुसऱ्या मजल्याच्या नाईकांनी नकळत टेकून बघितलं, ते लग्न ठरलं आणि उत्तम चाललंय.

तर, सावंतांचा अर्ज आला. सावंतांच्या पत्नी जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. घरात ते एकटे. ओवी चालायला लागली ती त्यांनी फोनवरच बघितली होती, तीसुद्धा अर्धी, कारण ती चौकटीच्या बाहेर निघून जायची. चालायला लागल्यापासून पोरगी चढत होती. खुर्ची, टेबल, कपाट, पाहुणे. त्यामुळे ही दिवाळी सावंतांना हवी होती, आणि तिच्या आड उभा होता तो कठडा. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'त्वरित'. आणि त्याखाली तीन रेघा मारल्या होत्या.

त्वरित म्हणून ते सातिवलीच्या एका शेडमधून फॅब्रिकेटर घेऊन आले. नाव हिराजी. हा अर्नाळ्याचा, घरची होडी सोडून लोखंडात आलेला. बोलणं असं की तोफेनं सुट्टी घ्यावी. "माझ्या हातची ग्रील एका चोराला वाकवता येईना," असं सांगायचा, "शेवटी त्यानीच मला फोन करून बोलावला." हिराजीनं नमुना म्हणून स्टीलचा एक चकचकीत तुकडा आणला होता. आडवे पाइप, एकावर एक. सोसायटीच्या ऑफिसात भिंतीला लावून ठेवला. सगळी कमिटी खूश. मोठ्या हॉटेलात असतो तसा दिसत होता.

बाईंनी नमुना बघितला. मला वाटलं टेकतील. टेकल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, बूट पहिल्या पाइपावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर, आणि कमिटीच्या डोळ्यांदेखत त्या वर चढून वरच्या पाइपावर बसल्या. डोकं पंख्याच्या पात्यापाशी. नाईकांनी झडप घालून पंखा बंद केला.

"मी चढले," बाई वरून म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे, तरी चढले. ओवी किती वर्षांची?"

"दीड," सावंत म्हणाले.

"तिला किती वेळ लागेल?"

सावंत खालपासून पाइप मोजायला लागले.

"हा कठडा नाही. ही शिडी आहे. सळ्या उभ्या पाहिजेत, पाय ठेवायला मध्ये काही नको. आणि आता मला कुणीतरी उतरवा."

बाईंना उतरवायला जेवढी माणसं लागली तेवढ्यांत आमचं सामान हलवून झालं असतं. हिराजी बाजूला उभा राहून म्हणत होता, "बाय, पन पाइप वाकला नाय, बगितला ना?"

दुसऱ्या वेळी सावंत नवी कल्पना घेऊन आले. कठडा जरा बाहेर घ्यावा, पेटीसारखा. म्हणजे ओवीला खेळायला जागा, कुंड्यांनाही जागा. त्यांनी पाठीमागच्या इमारतीकडे बोट दाखवलं, तिथं सगळ्यांनीच काढलंय.

शिट्टी वाजली नाही, पण बाईंनी ती हातात घेतली.

"इमारत म्हणजे प्रार्थनेची रांग, सावंत. एक जण पुढे झाला की मागून सगळे पुढे होतात, मग रांग राहत नाही. आहे त्या जागी, आहे त्या रेषेत नवा कठडा घातला तर ती दुरुस्ती. कमिटीनं लेखी परवानगी दिली की झालं. रेषेच्या बाहेर एक बोट जरी गेलं तर ते वाढीव बांधकाम, त्याला महापालिका, आणि मी महापालिकेत विचारून आलेय. शिवाय ते वजन पेलायचं कुणी? स्लॅबनं? स्लॅबला विचारलंत?"

स्लॅबला विचारायला बाईंनी इंजिनिअर आणला. त्यानं गॅलरीच्या काठावर हातोडीनं टकटक केलं. आत भोपळा असावा तसा आवाज आला. लोखंड आतून फुगून काँक्रीट फुटलं होतं. आधी काठ नीट करायचा, तो पक्का होऊ द्यायचा, मग त्यात कठड्याचे खांब. सडक्या काठात नवा खांब रोवला तर खांब काठ घेऊन जाईल, असं तो म्हणाला. सावंतांनी कपाळावर हात मारला.

"बाई, माझी दिवाळी जातेय हो!"

"दिवाळी दर वर्षी येते."

"दिवाळी येते," सावंत म्हणाले, "पण पोर चालायला एकदाच शिकते. मी समोर बघितली नाय अजून."

बाई तशाच जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्सा सुटायच्या वेळेला आमच्या फाटकात इंजिनिअर उभा होता, केस विंचरलेले नाहीत, शर्टाची बटणं वरखाली, आणि त्याच्या मागे बाई. "हा आज काम सुरू करतोय," त्या म्हणाल्या. इंजिनिअरनं मान डोलावली. त्याला कुठून उचलून आणला होता हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

जुना कठडा काढायचा दिवस म्हणजे आमच्या सोसायटीतला मोठा सण. हिराजीचा विचार होता की कठडा अख्खा कापायचा आणि दोर बांधून खाली सोडायचा. "होडीचा नांगर सोडतो मी, बाय. ह्यो तर कठडा."

"नांगराखाली पानी असतं," बाई त्याच्याच सुरात म्हणाल्या, "इथं नाईकांची स्कूटर आहे. तुकडे कर. जिन्यानं उतरव."

आणि आधी गॅलरीच्या आतल्या बाजूला बांबूचा आडोसा बांधून घेतला, घट्ट, कारण कठडा निघाल्यावर गॅलरी म्हणजे नुसती फळी उरते. गॅलरीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, आणि तो पट्टा घराच्या आत पक्क्या जागी बांधलेला. हिराजी म्हणाला, मी शिडाच्या काठीवर पट्ट्याशिवाय चढतो. बाई म्हणाल्या, मग तिथं चढ. पट्टा बांधला गेला. खाली पार्किंगमध्ये बाईंनी फक्कीनं पांढरी रेघ मारली, खेळाच्या मैदानावर मारतात तशी, भली मोठी चौकट. "ह्याच्या आत पाय टाकेल तो बाद!" दूधवाला बाद झाला. कुरियरवाला दोनदा बाद झाला. एक मांजर आत गेलं तर शिट्टी ऐकून ते बाहेर तर आलंच, पण पुढे कित्येक दिवस आमच्या फाटकाशीही फिरकलं नाही.

सावंत घरात उभे राहून बघत होते. हिराजीनं कापायचं मशीन सुरू केलं आणि तोल सावरायला दुसऱ्या हातानं मधला खांब धरला. तो नुसता हातात आला. कापलाही नव्हता. वाळलेली फांदी निघावी तसा निघाला आणि त्याच्या पायाशी लाल भुकटी सांडली. तो खांब त्याच जागी होता जिथं सावंत रोज सकाळी कोपर टेकून चहा प्यायचे.

हिराजीनं मशीन बंद केलं. आपल्या कमरेच्या पट्ट्याची गाठ त्यानं चाचपून बघितली. सावंतांनी आपलं कोपर हातानं धरलं आणि ते खाली बसले. बाई आत गेल्या, स्वयंपाकघरात भांडी वाजली, आणि थोड्या वेळानं त्यांनी सावंतांसमोर चहाची बशी धरली.

"घ्या," म्हणाल्या. "पाठ भिंतीला आहे ना?"

"आहे," सावंत म्हणाले.

त्या दिवसापासून सावंतांनी बाईंच्या एकाही शब्दाला उलट उत्तर दिलं नाही. नवा कठडा सातिवलीच्या शेडमध्ये घडत होता तेव्हा बाई सोललेला नारळ घेऊन रिक्षानं तिथं गेल्या. दोन सळ्यांमधून नारळ पलीकडे गेला नाही पाहिजे, म्हणजे पोराचं डोकंही जाणार नाही. एका ठिकाणी नारळ गेला.

"बाय, नारल लहान हाय," हिराजी म्हणाला.

"पोरगीही लहान आहे. सळ्या जवळ घे."

उंची मोठ्या माणसाच्या कमरेच्या चांगली वर, सळ्या उभ्या, लोखंडावर आधी जस्ताचा थर, मग रंग, बाकीच्या इमारतीसारखाच. गॅलरीचा काठ भरून पक्का झाला, दिवाळी दाराशी आली आणि कठडा वर चढला. खांब काठात बसले, पायाशी सिमेंटचा माल ओतला. हे सगळं बाईंनी उभं राहून करून घेतलं आणि ताकीद दिली, "माल पक्का होईपर्यंत बोट लावायचं नाही. मी गासला भाचीच्या लग्नाला जातेय. रात्रीपर्यंत येते."

सावंतांनी बोट लावलं नाही. शप्पथ. पण माणूस कोकणातला. नव्या वस्तूला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याला झोप कशी लागणार? त्यांनी उंबऱ्यात नारळ ठेवला, अगरबत्ती लावली, आणि सगळ्या इमारतीला प्रसादाला बोलावलं. आम्ही सगळे गोळा झालो. सावंतांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नवो कठडो बसलो हा. माझ्या नातीक ह्येच्या आत सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"कोनाची वायट नजर आसात, तर ती खाली पार्किंगात पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी प्रसादाचं ताट धरून होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला नीट दिसलं. पहिल्या मजल्याच्या वहिनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून गॅलरीत गेल्या, "छान झालाय हो," म्हणाल्या, पाठ फिरवली आणि टेकल्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान. मग बाकीचे. कुणी ढकललं नाही, गडबड नाही, व्यवस्थित रांग लागली, बाईंनी शिकवल्यासारखी. प्रत्येक जण जायचा, वळायचा, टेकायचा, जरा मागेपुढे झुलायचा, मान डोलवायचा आणि पुढच्याला जागा द्यायचा. सावंत ओरडत होते, "अहो नको, माल ओला हा!" पण लोकांना वाटलं, यजमान संकोचानं बोलतायत. शेवटी नाईक टेकले. नाईक तरुणपणी आखाड्यात जायचे. खांबाच्या पायाशी 'कुच्च' असा आवाज आला.

नेमक्या त्याच वेळी दारात रेशमी साडी नेसलेल्या, केसांत फुलं माळलेल्या बाई उभ्या होत्या. लग्नातून जेवून लवकर आल्या होत्या. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली. आणि वाजवली नाही. ते त्या वाजवण्यापेक्षा भयंकर होतं.

"कोण कोण टेकलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. अभिमानानं! शाबासकी मिळणार अशी खात्री असल्यासारखे.

बाई त्या हातांच्या जंगलाकडे बघत राहिल्या. मग नाईकांच्या पायाशी वाकल्या, बोटानं माल चाचपला आणि कंबर धरून उठल्या.

"टेकायला मीच शिकवलं," म्हणाल्या. "कधी टेकायचं नाही, ते शिकवायचं राहिलं."

सावंतांचा चेहरा बघवत नव्हता. शिल्पा दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याहून निघणार होती. हिराजीला फोन लागला. खांब पुन्हा काढायचे, पुन्हा भरायचे, म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. सावंतांनी फोन घेतला आणि मुलीला लावला. "शिल्पा," म्हणाले, "तू आता येऊ नको गो..." बाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"शिल्पा, मी मच्याडो बाई. शिट्टीवाली. तू ये. कठडा अजून ओला आहे. पण गॅलरीच्या दाराला कडी आहे, आणि कडीला मी आहे."

शिल्पा आली. का आली ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं, ज्या आवाजानं तिला दोन महिने अडवलं होतं त्याच आवाजावर तिचा विश्वास बसला असावा. घरात शिरली तर गॅलरीच्या बंद दाराला लावून एक खुर्ची, खुर्चीत बाई, मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा. खुर्चीच्या डावीकडून वारा जाईना, उजवीकडून उजेड जाईना. सावंतांनी नात उचलली, गालाला गाल लावला, खाली ठेवली, आणि ओवी चालत निघाली. फोनच्या चौकटीबिकटीची अडचण न येता, अख्खी, दारापासून दिवाणापर्यंत. सावंत तिच्या मागे गुडघ्यांवर रांगत. साठी उलटलेला माणूस असा रांगत होता की त्याला चालायला कुणी शिकवलंच नव्हतं असं वाटावं.

ओवीनं दिवाण सर केला, टीव्हीचं टेबल सर केलं, आणि मग तिची नजर बाईंवर गेली. असा डोंगर तिनं पुण्यात बघितला नसावा. ती आली. बाईंच्या बुटावर पाय, मग गुडघ्यावर, मग सुपात, शेंगा सगळीकडे, मग खांद्यावर. वरून तिनं शिट्टी ओढली आणि फुंकली. बाई हलल्या नाहीत. दिवाळी अशी गेली. रोज सकाळी मिस्सा करून बाई खुर्चीत यायच्या, ओवी त्यांच्यावर चढायची, घसरायची, परत चढायची. फराळ त्या खुर्चीतच. भेटायला येणारे खुर्चीपाशी. कुणी नुसतं गॅलरीकडे बघितलं तरी बाई म्हणायच्या, "बाद."

बाई आता आमच्या इमारतीत नाहीत. भावाकडे गासला गेल्या, वाडी बघायला माणूस हवा म्हणून. तिथली केळीची झाडं आता रांगेत वाढतात असं ऐकतो. आमचा नवा सेक्रेटरी फोनवर सूचना टाकतो, शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकतो, आणि कुणी वाचत नाही. मला मात्र बाई आठवल्या की तो दिवस आठवतो, इंजिनिअर येऊन पुन्हा भरलेला माल बघून "आता चालेल" म्हणाला तो.

बाई उठल्या. दाराची कडी काढली. मी सोडून सगळी इमारत खाली पार्किंगमध्ये उभी राहून वर बघत होती, कुणीही वर जायची हिंमत केली नव्हती. बाई गॅलरीत गेल्या, पाठ फिरवली आणि टेकल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. आधी डावीकडे, मग मध्ये, मग उजवीकडे. मी तिसऱ्या मजल्याच्या माझ्या गॅलरीतून मान वर करून बघत होतो आणि खरं सांगतो, माझ्या कुंड्यांनीही श्वास रोखला होता. काही हललं नाही. बाईंनी आत येऊन आपली खुर्ची उचलली आणि जिन्याकडे निघाल्या.

शिल्पानं ओवीला खाली सोडलं. ओवी दुडूदुडू कठड्यापाशी गेली, दोन्ही हातांनी सळ्या धरल्या, पाय उचलला. पाय ठेवायला काही नव्हतं. पाय घसरला. दुसरा उचलला, तोही घसरला. तिनं सळ्यांमध्ये डोकं घालून बघितलं, जाईना. पुन्हा पाय, पुन्हा घसरगुंडी. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कशावर तरी चढता येत नव्हतं. ती मागे बसकण मारून बसली आणि तिनं असं भोकाड पसरलं की पार्किंगमधले सगळे कान झाकून उभे राहिले.

सावंत घाबरून जिन्याच्या तोंडाशी धावले. "बाई! अहो बाई, थांबा! ओवी रडतेय हो! हिला काय केल्या वर चढताच येत नाय!"

बाई खुर्ची घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या,

"मग कठडा बरोबर बसलाय."